चार पाऊण तीन

"मामा, शनिवारी अलिबागला चाललोय आम्ही. समुद्रातल्या त्या कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं ना?"

भर दुपारी भाचीचा फोन. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली आणि म्हणालो, "थांब, तिथी बघतो."

"अरे, फिरायला चाललोय. मुहूर्त कसला बघतोस?"

शनिवारी अष्टमी होती. आठ पाऊण सहा. सहाला भरती, म्हणजे बाराला ओहोटी. वेळ सोयीची, पण ओहोटी भांगाची, म्हणजे कमजोर. पाणी धड ओसरायचं नाही, पँटी दुमडाव्या लागतील. एवढं सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, मी अ‍ॅपवर बघते."

बघ बाई.

पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, आता कुणाला येत असेल? शाळेतून पावकी, निमकी, पाऊणकी गेल्या त्याला जमाना झाला. आम्हालाही ती मास्तरांनी शिकवली नाही, समुद्रापायी आली. आजोळ अलिबागजवळच्या नागावचं. वाडीतल्या सुपाऱ्यांच्या पलीकडे समुद्र ऐकू यायचा, पण दिसायचा नाही. मग जायचं की नाही हे कसं ठरवणार? आजोबा ओटीवर बसल्या जागी विचारायचे, "आज काय तिथी?" पंचमी. "मग म्हणा." एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन, पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला पूर्ण भरती. सहा तास मागेपुढे केले की ओहोटी. चहा झाल्यावर निघायचं की आता उन्हातच, हे तिथल्या तिथे ठरायचं आणि आम्ही पोरं चपला शोधायला पळायचो.

हिशोब काटेकोर नाही, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. पंधरा तिथींत भरती बारा तास सरकते, म्हणजे एका तिथीला ४८ मिनिटं, बरोबर दोन घटका. पाऊणकीत तिथीमागे तीन मिनिटं बुडतात आणि पौर्णिमेपर्यंत चक्क पाऊण तासाची उधारी होते. आजोबांना हे माहीत असणार. कारण पौर्णिमा-अमावास्येला ते पाढा म्हणायलाच लावायचे नाहीत, नुसतं "बाराला" म्हणायचे.

मला समुद्र आवडतो म्हणजे ओहोटीचा आवडतो. भरतीला काय बघायचं? पाणी. ओहोटीला अलिबागची काळसर वाळू घट्ट होते, तिच्यावर सायकलसुद्धा चालते. बारके खेकडे वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं तेवढं काढून घेतात आणि उरलेल्या वाळूच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून बिळाभोवती मांडत जातात. पुढच्या भरतीला सगळं पुसलं जातं, पुन्हा मांडतात. ते बघत मी तास घालवू शकतो. वरून पॅराशूटला लटकलेली माणसं किंचाळत जातात, बाजूने त्या चार जाड चाकांच्या गाड्या वाळू उडवत फिरतात. त्यांचं चालू दे, माझं काही म्हणणं नाही. (आहे. पण ते मी भाचीला ऐकवतो.)

समुद्राचा एक खवचटपणा मात्र पाहुण्यांना सांगायला हवा. तो सोयीची वेळ आणि मोकळं मैदान एकदम देत नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी इतकं मागे जातं की किल्ल्यापर्यंत पाय जेमतेम भिजावेत. पण ते पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला. वडखळचा खोळंबा सोसून, नाहीतर मांडव्याला रो-रो बोटीतून गाडी उतरवून, वाटेत मिसळ खाऊन मंडळी बाराला किनाऱ्यावर पोचतात, तेव्हा भर उधाण असतं. मग "अरे, बीच कुठंय?" बीच पाण्याखाली आहे. सहाला या.

यातून वाट काढली ती चतुर्थीने. चार पाऊण तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी तीनला भरती, मधली ओहोटी सकाळी नऊला. उधाण नुकतंच उतरलेलं, म्हणून पाणीही बऱ्यापैकी मागे. आणि कुलाबा किल्ल्यात आहे कोण? गणपती. १७५९ साली राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं देऊळ. संकष्टी घ्या, विनायकी घ्या, माघी घ्या. त्याच्या प्रत्येक तिथीला सकाळी नऊच्या सुमारास समुद्र वाट देतो. जागा अशी हिशोबाने निवडली की योग जुळून आला, देव जाणे. शिवाजी महाराजांनी किल्ल्याची जागा हेरली ती अर्थात दर्शनासाठी नव्हे. दिवसातून दोनदा आपोआप भरणारा खंदक कुणाला नको असतो? कान्होजी आंग्र्यांच्या काळात, १७२१ मध्ये, इंग्रज आणि पोर्तुगीज दोघे मिळून चालून आले आणि हात हलवत परतले.

आम्ही संकष्टीलाच जायचो. आजी घोडागाडीत, नऊवारीचा ओचा सावरून, मांडीवर दुर्वांची पुडी. चाकं निम्मी पाण्यात गेली की ती डोळे मिटायची. आजोबा आणि आम्ही चालत. देवळापाशी गोड्या पाण्याची पुष्करणी, चारी बाजूंना खारं पाणी आणि मधे हे गोडं. ते बघून आम्ही वाकून चव घ्यायचो आणि आजी ओरडायची. तटावर चाकांच्या गाड्यावरच्या तोफा आहेत, त्यांच्यावर बसायचा आमचा हक्कच होता. आणि ऐन रंगात आलं की आजोबा खालून हाक मारायचे, "चला! तो निघाला." तो म्हणजे समुद्र. दुपारपर्यंत परत यायचा नसतो, पण आजोबांना कडेलोटापर्यंत थांबणं मान्य नसे. बोर्डाची परीक्षा असो की एस्टी, तासभर आधी.

अलिबाग तसं घाई न सोसणाऱ्यांचंच गाव. मुंबईच्या ट्राम विजेवर धावणार, त्याने वेधशाळेच्या चुंबकसुया बिथरणार, म्हणून १९०४ साली मुंबईतल्या कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा इथे हलवली. शहर न मानवणाऱ्यांना हवापालटाला अलिबागेस धाडायची रीत तेव्हापासूनची असावी.

पाऊणकीचं एक आहे, ती भरतीची वेळ सांगते, उंची नाही. आणि वारा तर मुळीच नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं ते अलिबागच्या जरा दक्षिणेला, दुपारी. नागावच्या वाडीतल्या सुपाऱ्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, सुरूची झाडं गेली. फोन लागत नव्हते. घरात बसून मी जे येत होतं ते केलं. ज्येष्ठ शुद्ध द्वादशी. बारा पाऊण नऊ, वर उधारीची दीड घटका. म्हणजे दहाच्या सुमारास भरती होऊन गेलेली. वादळ जमिनीला लागलं तेव्हा पाणी उतरत होतं.

पौर्णिमा दोन दिवसांवर होती. वादळ दोन दिवस उशिरा, त्याच वेळेला आलं असतं तर? पंधरा पाऊण सव्वाअकरा, अधिक पाऊण तास. बारा.