शेवटचे शंभर वॅट

मे महिन्यात नागपुरात दुपारी चार वाजता हेवी गेम लावणाऱ्या माणसाला ग्राफिक कार्डाच्या रिव्ह्यूमधला टेंपरेचरचा आकडा वाचून हसूच येतं. रिव्ह्यूवाले बावीस-तेवीस डिग्रीच्या एसी खोलीत बसून टेस्ट करतात आणि लिहितात की फुल लोडला कार्ड ६७ ला स्थिर राहिलं, आवाजही फारसा नाही. अहो पण कार्डाला ६७ असा स्वतःचा आकडा नसतोच, ते आजूबाजूच्या हवेपेक्षा अमुक इतक्या डिग्री वर राहतं, एवढंच. २३ च्या खोलीत ६७ म्हणजे हवेपेक्षा ४४ वर. आता तेच कार्ड, तोच लोड, पंखे त्याच स्पीडला, फक्त खोली ३८ ची करा, कार्ड गेलं ८२ ला. आणि आमच्याकडे ३८ म्हणजे कूलर चालू असतानाची खोली, बाहेर ४५ असतं.

मग कार्ड आधी पंखे वाढवतं, म्हणजे हेडफोन घातल्याशिवाय बसवत नाही, आणि मग क्लॉक, म्हणजे चिपचा कामाचा वेग, १५-१५ मेगाहर्ट्झच्या पायऱ्यांनी खाली येत जातो. वर आणखी एक गंमत अशी की चिप जितकी गरम तितका तिच्यातून लीकेज करंट (काम न करता वाया जाणारा) जास्त, म्हणजे तेच काम करायला जास्त वीज, जास्त वीज म्हणजे अजून उष्णता, आणि हे सगळं तुम्ही दीड-पावणेदोन लाख मोजून घेतलेल्या वस्तूत चाललेलं असतं.

माझ्याकडे एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ४०९० हे ग्राफिक कार्ड आहे. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचे रेंडर, थोडेफार लोकल एआय मॉडेल आणि रात्री गेम (घरी फक्त पहिलं कारण सांगितलंय). ऑक्टोबर २०२२ मध्ये हे कार्ड आलं तेव्हा ४५० वॅटचा आकडा बघून सगळे ओरडले होते, मीही त्यातलाच. पण वापरून वापरून माझं मत असं झालंय की ४५० वॅट ही या कार्डाची गरज नाहीच, तो कंपनीने ठरवलेला आकडा आहे आणि तो रिव्ह्यूमधल्या ग्राफच्या पट्ट्यांसाठी ठरवलाय, तुमच्या-माझ्या खोलीसाठी नाही. पॉवर लिमिट (कार्डाने जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा) ७० टक्क्यांवर आणा, म्हणजे ३१५ वॅट, बहुतेक गेममध्ये जेमतेम पाच टक्के एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) जातात. १२० चे ११४. डोळ्याला कळत नाही, पण पंख्यांना कळतं, खोलीला कळतं.

हे असं का होतं ते समजलं की मग कुठलंही कार्ड घ्या, हात आपोआप पॉवर लिमिटच्या स्लायडरकडे जातो. चिपला लागणारी वीज साधारण व्होल्टेजचा वर्ग गुणिले फ्रिक्वेन्सी या हिशोबात वाढते. फ्रिक्वेन्सी वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं, आणि ते वर्गात मोजलं जातं म्हणून वरच्या टोकाला बिल एकदम फुगतं. ४०९० स्टॉकला, म्हणजे कंपनीच्या सेटिंगवर, साधारण १.०५ व्होल्टवर २.७-२.८ गिगाहर्ट्झ धावतं. तेच ०.९५ व्होल्टवर २.६ ला आनंदाने धावतं. गणित करा, व्होल्टेजच्या वर्गातून १८ टक्के वाचले, क्लॉक पाचएक टक्के कमी झाला, दोन्ही मिळून वीज बावीस-तेवीस टक्के खाली. हायवेवर कार ८० ला ठेवली की ॲव्हरेज देते आणि १३० ला नेली की टाकी डोळ्यांदेखत रिकामी होते, तोच प्रकार.

मग कंपनी आधीच कमी व्होल्टेज का देत नाही? कारण सगळ्या चिप सारख्या निघत नाहीत. एकाच डिझाईनच्या लाखो चिप बनतात, त्यातली सगळ्यात आळशी चिपसुद्धा न अडखळता चालली पाहिजे एवढं व्होल्टेज सगळ्यांना द्यावं लागतं. तुमच्या वाट्याला आळशी आली नसेल तर तुम्ही फुकटचं व्होल्टेज जाळताय. दुसरं कारण म्हणजे स्पर्धा, समोरच्याचं कार्ड तीन टक्क्यांनी पुढे दिसलं की गिऱ्हाईक तिकडे, मग त्या तीन टक्क्यांसाठी साठ-सत्तर वॅट टाकायला कोण मागेपुढे बघतंय.

आणि हे काही नवीन नाही. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाचं जीटीएक्स ४८० आलं, फर्मी नावाच्या डिझाईनचं, २५० वॅट, चिपमध्ये ५१२ कोर (हिशोब करणारे छोटे भाग) होते पण ४८० च चालू करून विकलं आणि तरी ते नव्वदच्या वर तापायचं. त्यावर अंडं तळायचे जोक अजून फिरतात. तेव्हा हसणाऱ्या एएमडीवाल्यांचं, म्हणजे प्रतिस्पर्धी कंपनीचं, २०१३ मध्ये आर९ २९०एक्स आलं आणि त्यांनी सरळ जाहीर करून टाकलं की ९५ डिग्री हे या कार्डाचं नॉर्मल टेंपरेचर आहे. चिप वाईट नव्हती हो, कूलर फालतू होता, पार्टनर कंपन्यांनी दोन-तीन पंख्यांचे मोठे कूलर लावले आणि तीच चिप शहाण्यासारखी वागायला लागली. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी तसल्या दोन चिप एका कार्डावर बसवल्या, आर९ २९५एक्स२, ५०० वॅट, फॅक्टरीतूनच वॉटर कूलर लावून.

त्याच २०१४ मध्ये सप्टेंबरला जीटीएक्स ९८० आलं १६५ वॅटमध्ये, आणि हे मला आजही भारी वाटतं, कारण चिप बनवायची प्रोसेस तीच जुनी २८ नॅनोमीटर होती, जिच्यावर आधीचं ६८० हे १९५ वॅट खायचं. नुसत्या आर्किटेक्चरच्या जोरावर वीज कमी करून स्पीड वाढवला. मग १०८० टीआय २५० ला, एनव्हिडियाची एका चिपची मोठी कार्डं बराच काळ साधारण ही २५० ची लक्ष्मणरेषा पाळत होती. २०२० ला ३०९० ने ती ओलांडली, ३५०. मग ३०९० टीआय ४५०. ४०९० पण ४५०, पण स्पीड ३०९० टीआयच्या साधारण दीडपट, कारण सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर प्रोसेसवरून टीएसएमसी या तैवानच्या चिप कंपनीच्या जास्त बारीक ४एन प्रोसेसवर उडी मारली होती. आणि जानेवारी २०२५ ला ५०९०, ५७५ वॅट.

५०९० चा हिशोब जरा नीट बघा. ४०९० मध्ये १६,३८४ कोर, ५०९० मध्ये २१,७६०, म्हणजे ३३ टक्के जास्त. वीज २८ टक्के जास्त. फोर-के गेममध्ये फायदा साधारण तीस टक्के. म्हणजे प्रत्येक वॅटमागे मिळणारं काम जवळपास तिथेच आहे, कारण प्रोसेस त्याच घराण्यातली राहिली. मेमरी जीडीडीआर७ झाली, ३२ जीबी झाली, एआयवाल्यांना त्याचा खरा उपयोग आहे, ते मान्य. पण गेमरला मिळालं काय तर मोठी चिप आणि मोठं बिल. पूर्वी ट्रान्झिस्टर लहान झाला की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरायचं, आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्डने १९७४ मध्ये मांडलेला तो नियम २००५-०६ च्या सुमारास संपला, तेव्हापासून ट्रान्झिस्टर मिळतात पण ते सगळे एकदम चालवायला वीज फुकटात मिळत नाही.

कूलिंगमध्ये मात्र इंजिनिअर लोकांनी कमाल केली आहे, त्याबद्दल कुरकुर नाही. ५०९० चं एनव्हिडियाचं स्वतःचं कार्ड ५७५ वॅट असून फक्त दोन स्लॉटचं आहे, सर्किट बोर्ड मधोमध इवलासा, दोन्ही बाजूच्या पंख्यांची हवा जाळीतून आरपार, आणि चिपवर पेस्टऐवजी लिक्विड मेटल. फक्त ती आरपार गेलेली गरम हवा जाते कुठे तर वर, थेट प्रोसेसरच्या कूलरच्या तोंडावर. जुनी ब्लोअर कार्डं आवाज करायची पण निदान गरम हवा कॅबिनेटच्या मागून बाहेर फेकायची, आताची आतच सोडतात, त्यामुळे कॅबिनेटचे एक्झॉस्ट पंखे ही आता चैन राहिलेली नाही.

आणि कमाल केली म्हणून चुका होत नाहीत असंही नाही. एएमडीचं ७९०० एक्सटीएक्स आठवतंय? डिसेंबर २०२२, ३५५ वॅट. काही कार्डांचा हॉटस्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) थेट ११० ला जाऊन क्लॉक पडायला लागला. कार्ड उभं धरलं तर ठीक, आडवं लावलं की गडबड. डरबाउअर या जर्मन यूट्यूबरने ते खोलून, फिरवून, कापून दाखवलं आणि संशय गेला व्हेपर चेंबरवर. त्या पोकळ तांब्याच्या डबीत थोडंसं पाणी असतं, चिपपाशी त्याची वाफ होते, वाफ थंड भागाकडे जाऊन परत पाणी होते आणि आतल्या जाळीतून मागे येते. काही डब्यांत ते पाणीच पुरेसं नव्हतं. एएमडीने जानेवारीत कबूल केलं आणि कार्डं बदलून दिली.

३०९० वाल्यांचं दुखणं वेगळंच, त्यात निम्म्या मेमरी चिप कार्डाच्या पाठीवर, जिकडे पंखा नाही. क्रिप्टो मायनिंगच्या काळात त्या ११० डिग्रीपर्यंत भाजत ठेवलेली कार्डं नंतर सेकंडहँड बाजारात आली. घेताना मेमरीचं टेंपरेचर बघितल्याशिवाय घेऊ नका, नुसतं कोअरचं बघून काही कळत नाही.

बरं, कनेक्टर, म्हणजे कार्डाला वीज देणारा प्लग. यावर न बोलता पोस्ट संपवली तर लोक विचारतीलच. जुनी ८ पिनची वायर १५० वॅटसाठी, १२ व्होल्टच्या तीन तारा, म्हणजे एका पिनवर चारएक अँपिअर, दणकून मार्जिन. नवीन १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर साधारण तेवढाच, पिना त्याहून लहान आणि ६०० वॅट, म्हणजे ५० अँपिअर सहा पिनांत, प्रत्येकीवर ८.३, आणि पिनची क्षमताच साडेनऊच्या आसपास. मार्जिन उरलंच कुठे? एखादी पिन नीट टेकली नाही की तिचा वाटा बाकीच्यांवर. ४०९० चे कनेक्टर वितळायला लागले तेव्हा नोव्हेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने सांगितलं की पन्नासेक केसेस आहेत आणि मुख्य कारण प्लग पूर्ण आत न बसवणं. मान्य, पण जो प्लग जरा बाहेर राहिला की वितळतो तो प्लग घरोघरी विकायचा कशाला? नंतर १२व्ही-२एक्स६ आला, त्यात सेन्स पिना (कार्डाला सिग्नल देणाऱ्या बारीक पिना) आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्ड चालूच होऊ नये. पण मार्जिन तेवढंच. ३१५ वॅटला प्रत्येक पिनवर साडेचारच्या आत येतं, माझ्यासाठी पॉवर लिमिटचं हे एकच कारण पुरेसं होतं.

खोलीचं गणित लोक विसरतात. कार्ड जेवढे वॅट खातं ते सगळेच्या सगळे शेवटी उष्णता बनून खोलीत येतात, कूलर कितीही भारी असो, वॉटर कूलिंग असो, उष्णता जागा बदलते, नाहीशी होत नाही. ५०९० चा पूर्ण पीसी लोडला ८०० वॅट धरा. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे जवळपास पाव एसी नुसता पीसीसाठी. आमच्यासारखे वाळ्याच्या कूलरवाले असाल तर कोरड्या उन्हाळ्यात त्याची हवा कार्डाला चांगलीच मानवते, फक्त कॅबिनेट कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, तुषार उडतात, आणि धूळ महिन्या-दोन महिन्यांनी ब्लोअरने काढा, तेव्हा पंखा बोटाने धरून ठेवा.

बिलात बघितलं तर ४५० वॅट रोज चार तास म्हणजे महिन्याला ५४ युनिट. ऐकायला फार नाही, पण महावितरणचे स्लॅब आहेत, उन्हाळ्यात तुम्ही आधीच ३०० च्या आसपास असता आणि वरचं प्रत्येक युनिट महागाच्या दराने लागतं. ३१५ ला त्यातले सोळा वाचतात.

यूपीएसबद्दल एका मित्राने पुण्याहून विचारलं होतं, म्हणाला अरे गेम चालू करताच यूपीएस ट्रिप होतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे खरे ३६० वॅट रे बाबा, त्यावर हे कार्ड कसं चालणार. शिवाय ही कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळतात, त्यासाठीच एटीएक्स ३.० या मानकाच्या पीएसयूला (पीसीच्या पॉवर सप्लायला) १०० मायक्रोसेकंद दुप्पट लोड झेलायची अट घातली आहे. पीएसयू झेलेल, साधा यूपीएस झेलेलच असं नाही.

करायचं कसं, तर आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर टाका, पॉवर लिमिट ७० करा, सेव्ह करा, झालं. यात क्रॅश व्हायची भीती नाही कारण कार्ड स्वतःच आपला क्लॉक सांभाळतं. व्होल्टेज-क्लॉकचा कर्व्ह बदलून अंडरव्होल्ट केलं (त्याच क्लॉकला कमी व्होल्टेज दिलं) तर त्याच वॅटमध्ये थोडे जास्त एफपीएस मिळतात, पण तिथे वेळ द्यावा लागतो, बेंचमार्कमध्ये तासभर चाललेली सेटिंग रे ट्रेसिंगवाल्या गेममध्ये पाच मिनिटांत आपटते, तेव्हा टेस्ट तिथेच करा. आणि एफपीएस मॉनिटरच्या रिफ्रेश रेटला कॅप करा, १४४ च्या मॉनिटरवर मेन्यू स्क्रीनला ६०० एफपीएस काढून काय लोणचं घालायचंय? लिनक्सवर आफ्टरबर्नर नाही, तिथे एनव्हिडिया-एसएमआय या कमांडने लिमिट लावता येतं पण रीबूट झालं की परत ४५०, म्हणून ती कमांड स्टार्टअपला टाकून ठेवा.