पुण्याच्या थंडीत पक्ष्यांना दाण्याआधी पाणी

पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा ८-१० अंशांपर्यंत उतरतो, पण जमीन काही गोठत नाही. थंड देशांत पक्ष्यांना खायला टांगतात तसले चरबीचे गोळे इथे टांगू नयेत, दुपारच्या उन्हात ते वितळून खवट होतात. परतीचा पाऊस संपला की डबकी आटत जातात, त्यामुळे आपल्याकडे खरी टंचाई पाण्याची.

भांडं मातीचं, पसरट आणि बिनझिलईचं घ्यावं, म्हणजे पाय घसरत नाहीत. पाणी कडेला बोटाच्या जाडीइतकं आणि मध्ये फार तर ५ सेंटीमीटर. जास्त खोल असेल तर मधोमध खडबडीत दगड ठेवा. दाट झुडपाला खेटून ठेवू नका, मांजर तिथेच दबा धरून बसतं. दोनेक मीटर अंतर हवं. पाणी रोज पूर्ण ओतून, भांडं नारळाच्या शेंडीने घासून भरायचं. नुसती भर घालत राहिलं तर शेवाळ धरतं, आणि डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात, ती घासल्याशिवाय निघत नाहीत.

दाणा म्हणजे बाजरी, राळे किंवा तांदळाची कणी. सकाळी मूठभर, दोन तासांत संपेल एवढीच. उघड्या ताटलीत ठेवलात तर आठवड्याभरात सगळी गॅलरी पारव्यांची होते, आणि त्यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ माणसाच्या फुप्फुसांना घातक असते. म्हणून ताटलीभोवती साधारण ४ सेंटीमीटर चौकटीच्या जाळीचा पिंजरा करावा. चिमण्या, मनोल्या आत शिरतात, पारवा बाहेर राहतो. खाली सांडलेलं रोज झाडून घ्या, नाहीतर उंदीर येतात. दवाने भिजलेल्या बाजरीचे गोळे झाले, कुबट वास आला, की ती फेकायची. वाळवून पुन्हा वापरायची नाही. फरसाण, खारे शेंगदाणे अजिबात नकोत.

बुलबुल आणि तांबटासाठी पिकल्या पपईची फोड फांदीला अडकवावी, संध्याकाळी काढून टाकावी.

हिवाळी पाहुणे मात्र या दाण्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. कृष्ण थिरथिऱ्या कुंपणावर बसून तांबूस शेपटी सतत थरथरवतो, मध्येच जमिनीवर उतरून किडा टिपतो. त्याला लागतो पालापाचोळा. झाडांखालचा पाला झाडू नका, जाळू तर मुळीच नका, आणि कीटकनाशक फवारणं थांबवा. आमच्या मते थंडीत बागेसाठी याहून मोलाचं काम नाही.

शिंजीर म्हणजे फुलांतला मध पिणारा चिमुकला पक्षी. त्याच्यासाठी साखरपाण्याच्या बाटल्या नकोत, त्या आंबतात. जास्वंद किंवा शेवगा लावा. पिवळसर पोटावर गळ्यापासून खाली गडद रेघ दिसली, तर ती मादी नसून विणीचा हंगाम नसतानाच्या फिक्या पिसांतला जांभळा शिंजीर, नर.

निरीक्षणाला उजाडल्यानंतरचे दोन तास उत्तम. मार्चमध्ये ऊन तापू लागलं की भांडं सावलीत हलवा आणि दिवसातून दोनदा भरा.