हंडेवाली अखेर चालली, पण पाठमोरी

तर मंडळी, माझ्या हाताने काढलेल्या ॲनिमेशन फिल्मचा शॉट 4, डोक्यावर हंडा घेऊन चालणारी बाई, सुटला! सुटला म्हणजे रफला (कच्च्या चित्रांत) सुटला, क्लीनअपचं (पक्क्या रेषांचं) नाव आत्ताच काढू नका. मागच्या अपडेटमध्ये जी बाई चालण्याऐवजी नुसती तरंगत होती, तिच्या डोक्यावरच्या हंड्यात आता खरंच पाणी आहे असं वाटतं. काल रात्री फ्लॅटमधल्या दोघींना उठवून लूप दाखवला. एक म्हणाली, "जड आहे गं." मला एवढंच ऐकायचं होतं. दुसरी काही न बोलता कूस बदलून झोपली.

आता सविस्तर, कारण या एका चालीने माझं अख्खं सेमिस्टर खाल्लं आहे.

अडचण काय होती ते परत सांगते. वॉक सायकल (परत परत फिरवता येणारी चाल) आपल्याला पहिल्या सेमिस्टरपासून पाठ आहे: कॉन्टॅक्ट (पाऊल टेकतं), डाऊन (त्यावर भार येतो), पासिंग (दुसरा पाय पुढे जातो), अप. सेकंदाला 24 फ्रेम्स, एका पावलाला 12, टूजवर, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम्स धरून, काढलं तर 6 चित्रं. डाऊनला शरीर खाली, अपला वर. वजन दाखवायचं तर डाऊन खोल कर, तिथे एखादी फ्रेम जास्त थांब. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हाच सल्ला दिला आणि तो चुकीचा नाही. सिमेंटचं पोतं पाठीवर घेतलेला माणूस असाच चालतो. पण हंडा डोक्यावर आहे, तोंडापर्यंत भरलेला. डाऊन खोल केला की हंडा खाली येतो, अपला उसळतो, आणि बघणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो की पाणी सांडत कसं नाही? पाणी सांडणारी बाई मला नको आहे. माण तालुक्यातल्या उन्हाळ्यात दीड किलोमीटरवरून आणलेलं पाणी कुणी सांडत नाही.

म्हणून डोकं सरळ रेषेत ठेवलं. मग ती तरंगायला लागली. हडळीचे पाय उलटे असतात म्हणतात, हिचे पाय सुलटे असून नसल्यासारखे. वर-खाली हालचाल घालवली की वजन जातं आणि ठेवली की पाणी जातं. या दोन टोकांमध्ये मी किती कागद फाडले ते विचारू नका.

नेटवर रेफरन्स शोधला. पाणी वाहणाऱ्या बायकांचे व्हिडिओ ढिगाने आहेत, पण बहुतेक पर्यटकांनी काढलेले. चेहरा, बांगड्या, मागे मावळता सूर्य, आणि पाय फ्रेमच्या बाहेर! ज्याला बघायला मी आले तेच कापलेलं. मायब्रिज या छायाचित्रकाराने 1887 च्या त्याच्या हालचालींच्या फोटोसंचात डोक्यावर घडा घेतलेल्या बायकांचेही फोटो ठेवलेत, ते बरेच उपयोगी पडले. पण त्या बायकांना घड्याची सवय आहे असं त्यांच्या खांद्यांकडे बघून वाटत नाही.

शेवटी सुट्टीत गावी गेले आणि मावशीला गाठलं. आता तिच्याकडे नळ आहे, पण आठवड्यातून एकदा येतो, त्यामुळे हंडा काही माळ्यावर गेलेला नाही. चुंबळ, त्यावर हंडा, हंड्यावर कळशी. 15 लिटरच्या हंड्यात पाण्याचंच वजन 15 किलो, वर भांड्याचं, वर कळशी. मी मोबाईल धरून अंगणाच्या या टोकाला, ती त्या टोकाला.

इथे एक तांत्रिक गोष्ट, कारण यावरून आधी वाद झाला होता. मोबाईलचा साधा व्हिडिओ सेकंदाला 30 फ्रेम्सचा असतो, तोही पुष्कळदा नेमका 30 नाही, कमीजास्त होतो. तो 24 वर आणला की दर पाचवी फ्रेम गळते आणि नेमकं पाऊल टेकतानाच झटका दिसतो. त्यावर ट्रेस करणं म्हणजे मोबाईलचा झटका आपल्या चित्रात आणणं. त्यापेक्षा स्लो-मोशनमध्ये 120 वर काढा आणि दर पाचवी फ्रेम घ्या. 120 भागिले 5, बरोबर 24. मधलं काही अंदाजाने भरावं लागत नाही. हे कळल्यावर मी लॅबमध्ये एकटीच टाळ्या वाजवल्या.

मग दोन रेषा ट्रेस केल्या, एक हंड्याच्या काठाची आणि एक कंबरेची. हंड्याची रेषा जवळजवळ पट्टीने काढल्यासारखी येणार हे अपेक्षित होतं. पण कंबरेची रेषाही फारशी वर-खाली नाही! मला वाटलं होतं की कंबर हलत असेल आणि मान ते झेलत असेल. तसं नाहीच. मावशीचं पाऊल आखूड आहे, त्यामुळे कॉन्टॅक्टला कंबर फार खाली जात नाही. आणि पासिंगला टेकलेल्या पायाचा गुडघा ती पूर्ण सरळ करत नाही, त्यामुळे कंबर वरही जात नाही. उसळी मुळात तयारच होत नाही. पावलं मात्र झपझप, एकाला साधारण 10 फ्रेम्स. आणि दोन्ही पाय एकदम जमिनीवर असण्याचा वेळ तुमच्या-माझ्या चालीपेक्षा जास्त.

हे सगळं जसंच्या तसं काढलं. तरी तरंगते! बाजूने बघितलं तर गुडघे वाकलेले, आखूड पावलांची एक बाई घाईने कुठेतरी निघाली आहे, एवढंच. ओझं नाही.

त्याच आठवड्यात कॉलेजमध्ये रिगिंगचं, म्हणजे 3D पात्राला आतून हलणारा सांगाडा बसवण्याचं, सबमिशन होतं. तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे 2D ला अजून 'पाया पक्का व्हायला' एवढीच किंमत आहे, मार्क सगळे 3D ला. तर त्या रिगमध्ये सगळं कंबरेच्या कंट्रोलरला बांधलेलं: कंबर हलवली की पाठ, मान, डोकं मागोमाग. मी मान स्थिर करण्यासाठी उलटे कर्व्ह टाकत बसले होते. सर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, असिस्टंटला रिग दे आणि घरी जा, डोळे बघ तुझे. घरी गेले, आणि बसमध्ये मावशीचं वाक्य आठवलं. शूटिंगच्या वेळी मी तिला विचारलं होतं की मान इतकी स्थिर कशी ठेवतेस. ती म्हणाली होती, "मान कशाला हलवायची पोरी? खालचं हलू दे की सगळं."

खालचं हलतंय, पण कुठे? वर-खाली तर हलत नाही. मग व्हिडिओ परत लावला. एक तुकडा असा होता जो मी रेफरन्समध्ये घेतलाच नव्हता, ती हंडा घेऊन माझ्यापासून लांब, गोठ्याकडे जाते तो. मागून.

मागून बघितलं आणि सगळं वजन तिथे होतं. कंबर डावीकडे, उजवीकडे. ज्या पायावर भार आहे त्या बाजूला कंबर सरकते, दुसरी बाजू किंचित खाली पडते, पाठ त्याच्या उलट वळते, आणि या सगळ्याच्या वर हंडा मधोमध, जागच्या जागी. बाजूने दिसणारी उसळी नाहीशी झाली तरी आडवी हालचाल तशीच असते, किंबहुना ओझ्याने ती जास्त ठळक होते. आणि मी हट्टाने प्रोफाइल शॉट धरून बसले होते, जिथून ती दिसणंच शक्य नाही. मागून जरा तिरपा (तीन चतुर्थांश, पाठमोरा) कॅमेरा लावला, आणि त्याच टायमिंगमध्ये, त्याच 10 फ्रेम्समध्ये ती जड झाली.

एक लक्षात ठेवा, मी इथे बराच वेळ अडखळले. वर-खाली हालचाल दर पावलाला एकदा येते, पण डावी-उजवी दोन पावलांत एकदा. म्हणजे पूर्ण सायकल 20 फ्रेम्सची, आणि कंबरेचा आर्क (हालचालीची वक्र रेषा) त्या 20 वर काढायचा. पहिलं पाऊल आरशासारखं उलटून दुसरं करायचा मोह होतो. करू नका. पदर एकाच खांद्यावर आहे, कळशीवरचा हातही एकच. लगेच खोटं दिसतं.

काढण्याची पद्धतही उलटी केली. आधी हंडा. त्याची वेगळी लेव्हल (थर), लॉक. मग टेकलेलं पाऊल. मग या दोन पक्क्या गोष्टींच्या मध्ये शरीर बसवायचं. कंबरेपासून सुरुवात करायचीच नाही. रिगमध्ये हे कसं करायचं मला अजून माहीत नाही, पण पेन्सिलीला कुठूनही सुरुवात करता येते हा तिचा केवढा मोठा फायदा आहे!

वाचताना एक मजेशीर गोष्ट सापडली. 1986 मध्ये केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवर झालेलं संशोधन सांगतं की स्वतःच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत ओझं डोक्यावर (लुओ) किंवा कपाळावरच्या पट्ट्याने (किकुयू) घेऊन त्या चालल्या तरी त्यांना जास्तीचा प्राणवायू लागला नाही. मावशीला सांगितलं. ती म्हणाली, "माझी मान दुखती ती मग कशानं?" तिचा हंडा-कळशी मिळून 20 टक्क्यांच्या कितीतरी पुढे जातात, त्यामुळे संशोधक आणि मावशी दोघंही बरोबर.

आता गोड भाग. मागून काढल्यामुळे नऊवारीने मला वाचवलं. सहावारी असती तर खाली नुसता शंकू, आत पाय कुठे आहेत ते प्रेक्षकाने ओळखायचं. काष्ट्यामुळे दोन्ही पाय वेगळे दिसतात, आणि पोटरीवर येणारा काठ पाय किती वळला ते आपोआप सांगतो. चुण्यांचं 'बॉइल' होत होतं, दर चित्राला नवीन चुणी उगवायची. आता फक्त तीन चुण्या ठरवल्या, त्यांना नंबर दिले, बाकीच्या क्लीनअपला बघू. तीनच पुरतात. काष्ट्याचं टोक कंबरेच्या दोन फ्रेम्स मागे ठेवलंय. तो लूप मी चहा पिताना नुसता बघत बसते.

साधनांबद्दल, विचारलं होतंत म्हणून. ॲनिमेशनच्या कागदाला भोकं पाडणारा ॲक्मेचा पंच परवडत नाही तो नाहीच. ऑफिसचा साधा दोन भोकांचा पंच घ्या: भोकं 6 मिलिमीटरची, मध्ये 80 मिलिमीटर अंतर, बहुतेक कंपन्यांचं तेच माप. 6 मिलिमीटरची लाकडी काठी कापून पट्टीवर चिकटवली की कागद एकावर एक नेमके धरणारा पेग बार तयार. फक्त पंचाचं एकच मशीन शेवटपर्यंत वापरा. कागद अप्पा बळवंत चौकातून 75 जीएसएम, त्याहून जाड घेतला की लाइटबॉक्सवर चार कागदांखालचं काही दिसत नाही. निळी पेन्सिल मात्र नीट बघून घ्या. एका ऑनलाइन विक्रेत्याने 'नॉन-फोटो ब्लू' (स्कॅनमध्ये न उमटणारी) म्हणून जी पाठवली ती स्कॅनमध्ये काळ्यापेक्षा ठळक येते. स्कॅनिंगला कॉपियरचा फीडर कागद तिरका ओढतो, पण ओपनटून्झ या ॲनिमेशन सॉफ्टवेअरचं ऑटोसेंटर पेगची भोकं ओळखून सरळ करतं. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हे आहे आणि कॉलेजने लाखो भरून घेतलेल्यात मला अजून सापडलेलं नाही.

हे लिहिता लिहिता शॉट 7 बदलतेय. तो साधा क्लोजअप होता, घामेजलेला चेहरा वगैरे. पण मावशीने हंडा भरल्यावर त्यात कडुनिंबाची डहाळी टाकली होती, पाणी हिंदकळू नये म्हणून. मी तेव्हा दुर्लक्ष केलं. आता वाटतंय, कॅमेरा थेट वरून: हंड्याचं गोल तोंड स्थिर, त्यात पाणी आणि डहाळी, आणि खाली काठाबाहेर दोन्ही पावलं आळीपाळीने येतात-जातात. चाल दाखवायला अख्खी बाई काढायची गरजच नाही! पाण्याचं हिंदकळणं 20 फ्रेम्सच्या सायकलवर, डहाळी त्याच्या थोडी मागे. पण वर कळशी असेल तर हंड्याचं तोंड दिसणार कसं? म्हणजे शॉट 7 मध्ये कळशी कमरेवर हवी. म्हणजे शॉट 4 मध्येही. म्हणजे कळशीवरचा हात परत काढायचा. अरे देवा. पण कमरेवर कळशी आली तर कंबर एका बाजूला जास्त जाईल, आणि तेही छानच दिसेल. ठरलं, कळशी कमरेवर.

कॉलेजचं म्हणाल तर सोमवारी 11 सेकंदांचा लिप-सिंक (आवाजाबरहुकूम तोंड हलवणं) द्यायचा आहे. मिळालेला तोंडांचा तक्ता इंग्रजीसाठीचा. आपले ट, ठ, ड, ळ ओठांवर दिसतच नाहीत, सगळं आत टाळूला होतं. मी प, ब, भ, म ला ओठ नीट मिटवते, ओ-ऊला गोल करते आणि बाकी जबड्यावर सोडते. चालून जाईल. फाळक्यांनी आगकाड्या एकेक सरकवून हलवल्या होत्या, त्यांना तोंडं तरी नव्हती.

एक मदत हवी आहे. पाठमोरी सायकल जागेवर उत्तम चालते, पण तिला पायवाटेवर लांब जाताना दाखवायचं तर दर चित्राला आकार कमी होणार आणि पाऊल जमिनीवर घसरणार. शिवाय चित्रं टूजवर आणि कॅमेरा वन्सवर (दर फ्रेमला हलणारा) असला की एक फ्रेम सोडून एक घसरते. माझा विचार आहे की पायवाटेवर आधी पर्स्पेक्टिव्ह ग्रिड टाकून पावलांचे ठसे आखायचे, प्रत्येक टेकलेलं पाऊल त्या ठशावर बसवायचं आणि कॅमेराही टूजवरच हलवायचा. ओपनटून्झमध्ये बॅकग्राउंडला झेड डेप्थ (कॅमेऱ्यापासूनची खोली) देऊन हे कुणी केलं असेल तर सोमवारनंतर फाईल पाठवा. सोमवारपर्यंत मी फक्त भ आणि म काढतेय.