चेबु जेन म्हणजे मासळीचा पुलाव का?

पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलच्या जेवणाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: चेबु जेन म्हणजे मासळीचा पुलावच ना? आणि ज्यांनी तो घरी करून पाहिलाय त्यांचा दुसरा: भाताचा चिखल का होतो? तुम्ही दोन्ही विचारलंत म्हणून सांगते, उत्तर एकच आहे. चेबु जेन पुलाव नाही, आणि पुलावाच्या रीतीने केला म्हणूनच चिखल होतो.

पुलावात तांदूळ आधी परततात, मोजून पाणी घालतात, आणि दाणा लांब नि मोकळा राहिला की जिंकलं. इथे तांदूळ सगळ्यात शेवटी पातेल्यात जातो. आधी तेलात मासळी तळायची, त्याच तेलात टोमॅटो परतायचा, त्यातच पाणी घालून मासळी आणि भाज्या शिजवून बाहेर काढायच्या, आणि मागे उरलेल्या रश्श्यात भात करायचा. तोही लांब दाण्याचा नाही, कणीचा.

कणी आली कुठून, हे कळलं की अर्धा पदार्थ कळतो. सेनेगलच्या दक्षिणेकडच्या कासामान्स भागात भातशेती फार जुनी. आफ्रिकेचा स्वतःचा भात तिथे आशियाई तांदूळ पोहोचण्याआधीपासून पिकतो. उत्तरेत मात्र मुख्य धान्य बाजरी. एकोणिसाव्या शतकात फ्रेंचांनी तिथली जमीन भुईमुगाखाली आणली, कारण फ्रान्सला शेंगतेल हवं होतं. खाण्याचं धान्य कमी पडू लागलं, तेव्हा आपल्याच ताब्यातल्या इंडोचायनातल्या, म्हणजे आजच्या व्हिएतनाम, लाओस, कंबोडियातल्या, गिरण्यांत उरणारी कणी त्यांनी जहाजांनी आणून विकली. उत्तर सेनेगलमधल्या सेंट लुई बेटावरच्या बायकांनी त्या स्वस्त मालातून देशाचं मानाचं जेवण घडवलं. लाल चेबु जेनचं श्रेय परंपरेने तिथल्या पेंदा म्बाय या स्वयंपाकिणीला देतात. 2021 मध्ये युनेस्कोने चेबु जेनला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. व्हिएतनाममध्येही कणीचा भात आवडीने खातात, आणि सेनेगलची राजधानी डाकारच्या रस्त्यांवर तळलेले व्हिएतनामी रोल, म्हणजे नेम, मिळतात; इंडोचायनात फ्रेंच सैन्यातून लढलेल्या सेनेगली शिपायांसोबत आलेल्या व्हिएतनामी बायकांनी ते तिथे रुजवले. आता कणीचा मोठा वाटा भारतातून जातो. सप्टेंबर 2022 मध्ये भारताने कणीची निर्यात काही काळ बंद केली तेव्हा सेनेगलला दुसरीकडे माल शोधावा लागला.

आता पातेल्याकडे वळू. आठ माणसांना 1 किलो कणी, दीड किलो मासळी, पाव लिटर शेंगतेल, 150 ग्रॅम टोमॅटो पेस्ट, दोन मोठे कांदे, 3 लिटर पाणी. कणी आणताना इंद्रायणी किंवा आंबेमोहोराची आणू नका. ती मुळातच चिकट, तिचा गोळा होणारच. जुन्या कोलमची किंवा बासमती तुकडा घ्या.

सेनेगलमध्ये या पदार्थासाठी सगळ्यात मान थिओफला. तो हेकरूच्या कुळातला मासा आहे, म्हणून आपल्याकडे हेकरू किंवा गोबरा मिळाला तर उत्तम. नाहीतर सुरमईच्या दोन बोटं जाड तुकड्या. पातळ तुकडी तळताना टिकते, पण नंतर रश्श्यात विरघळते. प्रत्येक तुकडीला दोन-तीन खोल चिरा द्यायच्या आणि त्यात रोफ भरायचा: मूठभर पार्सली, आठ लसूण पाकळ्या, कांद्याची पात, एक तिखट मिरची, मिरी आणि मीठ, खलबत्त्यात जाडसर कुटून. मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलेला रोफ चिरेत थांबत नाही, तेलात उतरतो, जळतो, आणि तो कडवटपणा शेवटपर्यंत सोबत राहतो.

मासळी खरपूस तळून काढली की त्याच तेलात कांदा, आणि कांदा मऊ झाल्यावर पेस्ट. इथे घाई नको. मध्यम आचेवर दहा ते पंधरा मिनिटं ढवळत राहायचं. पेस्टचा भडक लाल रंग विटकरी होतो, तेल कडेने सुटतं आणि आंबट वास जाऊन गोडसर वास येतो. हे होण्याआधी पाणी घातलंत तर भात कच्च्या टोमॅटोसारखा आंबट लागणार, मग साखर घाला की काहीही करा.

मग पाणी, आणि त्यासोबत गेज, म्हणजे आंबवून वाळवलेल्या मासळीचा तुकडा. चेबु जेनची खोल चव इथून येते. आपल्याकडे खारा सुका बांगडा चालतो: बोटभर तुकडा, कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवून. तो खारट असतो, म्हणून मीठ अगदी शेवटी चाखून घाला. तिथे यात येत नावाची आंबवलेली समुद्री गोगलगायही पडते. तिला पर्याय नाही, ती सोडून द्या. मसाल्याचे क्यूब हल्ली तिथेही सढळ हाताने पडतात. माझं मत स्पष्ट आहे: गेज चांगला असेल तर क्यूब लागत नाही.

भाज्या मोठ्या फोडींच्या. आधी कसावा (ज्याचा साबुदाणा होतो तो कंद), गाजर, कोबीचे पाव भाग. दहा मिनिटांनी वांगं, रताळं, तळलेली मासळी आणि अख्खी तिखट मिरची. मिरची फुटू द्यायची नाही, तिचा फक्त वास हवा. भेंडी अगदी शेवटी. जे शिजेल ते झाऱ्याने अलगद काढून पळीभर रश्श्यात झाकून ठेवायचं, नाहीतर कोरडं पडतं.

रस्सा उकळत असतानाच कणी दोन-तीनदा धुऊन निथळायची आणि पातेल्यावर चाळणी ठेवून वाफवायची. मोदकपात्राची चाळण कपडा घालून अगदी नीट काम देते. वीस मिनिटांत दाणा वरून आवळतो आणि आतून अर्धा शिजतो. हीच पायरी लोक गाळतात, आणि चिखल इथेच होतो: कोरी कणी थेट रश्श्यात टाकली की बाहेरचा पिठूळपणा सुटून खळ होते, आत दाणा कच्चा राहतो.

दुसरी चूक रश्श्याच्या मापाची. वाफवलेली कणी घालण्याआधी दोन-तीन वाट्या रस्सा काढून ठेवा. कणी घातल्यावर रस्सा तिच्या पातळीला जेमतेम यावा, वर नको. कमी पडला तर काढून ठेवलेला शिंपडता येतो; जास्त झालेला परत काढता येत नाही. घट्ट झाकण, मंद आच, वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एकदाच तळापासून वर ढवळणं.

नायजेरिया-घानाचा जोलोफ राईस याच घराण्यातला, आणि अमेरिकेत चार्ल्सटनच्या किनाऱ्यावरचा रेड राईसही; भात पिकवणाऱ्या पश्चिम आफ्रिकी किनाऱ्यावरून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांचे हात त्यामागे आहेत. सुपु कांजा या सेनेगली भेंडीच्या कालवणाचं तेच नातं अमेरिकेतल्याच लुईझियानाच्या गंबो या घट्ट रश्श्याशी. दाण्याच्या कुटाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला माफे, म्हणजे दाण्याच्या घट्ट रश्श्यातलं मटण, पहिल्या घासाला ओळखीचं वाटतं. शेंगदाणा दोन्हीकडे दक्षिण अमेरिकेतूनच आला.

वाढताना एकच मोठं ताट. खाली भात, मध्ये मासळी आणि भाज्या, कडेला लिंबाच्या फोडी. पातेल्याच्या तळाची खरवड, तिथली खोन्य, फेकू नका. खरवडून वेगळ्या ताटलीत द्या, तिच्यासाठी वाटे पडतात. ती काळी नको, तांबूस हवी. काळी झाली तर आच मोठी होती. काढून ठेवलेल्या रश्श्यात थोडी चिंच कोळून, शिजलेली भेंडी ठेचून घातली की सोबतचं आंबट कालवण तयार. बिसापची पानं शिजवून ठेचून घातली तर आणखी छान. बिसाप म्हणजे लाल अंबाडीच, तेव्हा पावसाळ्यात बाजारात अंबाडीची जुडी दिसली की ती घ्या. चिंच मग निम्मी करा.