विषय: जिवाणू. शेरा: फेरसादर करावे.

बागेत तीन टेबलं मांडायची, दोन तास लोकांना सूक्ष्मजीव दाखवायचे आणि आवरून घरी जायचं. एवढ्याशा कामाच्या परवानगीसाठी मी सात हेलपाटे घातले. त्यांचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे.

मी पुण्यात आठवी-नववीला विज्ञान शिकवते. सूक्ष्मजीव म्हटलं की मुलांना दही आठवतं, नाहीतर रोग. माती, नदी, झाडं यांचा कारभार तेच चालवतात, हे फळ्यावर लिहून पटत नाही. म्हणून 28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला बागेत जायचं ठरवलं. मुख्याध्यापिका हो म्हणाल्या, ओळखीच्या कॉलेजने सूक्ष्मदर्शक दिले, मुलं तर एका पायावर तयार होती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोन कामं एकदम केली. बाग ज्यांच्या अखत्यारीत येते त्या कार्यालयात अर्ज दिला आणि मुलांबरोबर चिखलाच्या बाटल्या भरल्या. गाळातले सूक्ष्मजीव थराथराने वाढताना दिसावेत म्हणून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्की यांनी 1880च्या दशकात वापरलेली ही युक्ती. भिडे पुलाजवळून मुठेचा काळा गाळ आणला, त्यात वर्तमानपत्राचे कपटे, उकडलेल्या अंड्याचा बलक आणि टरफलाची पूड कालवली, वर नदीचंच पाणी ओतलं आणि बाटल्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवल्या. (हातमोजे घाला. मुठेचा गाळ आहे तो. आणि झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.)

अर्जात लिहिलं होतं: ‘विषय: जिवाणू व पर्यावरण या विषयावरील प्रात्यक्षिकासाठी जागा मिळणेबाबत.’

टेबलामागच्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला. “मॅडम, जिवाणू म्हणजे जंतूच ना? बागेत लहान मुलं येतात. उद्या काही झालं तर?”

इथे मी घोडचूक केली. शिकवायला गेले. म्हटलं, “अहो, तुमच्या बागेतल्या चमचाभर मातीत शंभर कोटींच्या आसपास जिवाणू आधीच आहेत.” त्यांनी खुर्ची थोडी मागे सरकवली. “मग आरोग्य विभागाची ना-हरकत लागेल.”

आरोग्यवाले म्हणाले, रोगाचा संबंध नसेल तर आमचाही नाही. म्हटलं, तेवढंच लिहून द्या. “जो विषय आमचा नाही त्यावर लिहून कसं देणार?” यावर काय बोलणार! परत बागेच्या कार्यालयात आले तर अर्जच सापडेना. आवक क्रमांक? मी घेतलाच नव्हता. अर्जाच्या झेरॉक्सवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, हे तेव्हा शिकले. पुन्हा अर्ज. साहेब मीटिंगमध्ये. साहेब रजेवर. मग एकदाचा कागद हातात आला, त्यावर लाल शाईत ‘फेरसादर करावे’. का, ते नाही.

बाटल्या मात्र पुढे सरकत होत्या. गाळातला प्राणवायू आतल्या जिवाणूंनी केव्हाच संपवला होता. प्राणवायूशिवाय जगणारे तळाशी कामाला लागले होते. ते सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड करतात, म्हणून सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्याची लोहाशी गाठ पडली की गाळ आणखी काळा होतो. वर उजेड आणि हवा असते, तिथे हिरवा थर धरला. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मधे एक जांभळट डाग उमटला. हे जिवाणू झाडांसारखे उजेडावरच जगतात, पण पाण्याऐवजी तळातून येणारं सल्फाइड वापरतात, म्हणून प्राणवायू सोडत नाहीत. एकाचा कचरा, दुसऱ्याचा शिधा. बाटलीत कोणाचा कागद कोणाच्या टेबलावर अडला नव्हता.

सहाव्या हेलपाट्याला बाहेरच्या बाकावर बसले असताना शिपाईकाका हळूच म्हणाले, “मॅडम, तो शब्द काढून टाका ना.”

काढला. ‘मृदा परिचय कार्यक्रमासाठी जागा मिळणेबाबत.’ चौथ्या दिवशी, सातव्या खेपेला, परवानगी हातात. सुटल्यासारखं वाटलं आणि चीडही आली. ज्या शब्दाची भीती घालवायला हा खटाटोप, तोच लपवून मी बागेत शिरणार होते.

कार्यक्रम छान झाला, त्याबद्दल फार लिहीत नाही. एका मुलीने कुंडीत वाढवलेली मेथी मुळासकट आणली होती. मुळांवरची बारीक गाठ नखाने फोडली की आतून गुलाबी, म्हणजे हवेतला नत्र बांधणारे जिवाणू तिथे जिवंत आहेत. पण खरी गर्दी दगडफुलाने खेचली. बुरशी आणि शैवाल एकत्र राहून ते होतं, हे ऐकून एक आजी म्हणाल्या, “म्हणजे इतकी वर्षं मी गोड्या मसाल्यात बुरशी घालतेय?” आणि हसत सुटल्या. त्यांनी मग इतरांना बोलावून बोलावून दाखवलं. तुम्ही करणार असाल तर सुरुवात दगडफुलाने करा, चिखलाची बाटली नंतर काढा. आणि अर्ज दिवाळीनंतर लगेच द्या. बाटलीला सहा आठवडे पुरतात, अर्जाला नाही.

एक बाटली मी ठेवून घेतली आहे. समोर यंदाचा अर्ज आहे. तारीख, शाळेचं नाव, सगळं लिहून झालंय. ‘विषय:’ लिहून पेन थांबलंय.