सातबाऱ्यावरचा अज्ञान

2025 साली राज्यभर 'जिवंत सातबारा' मोहीम चालली. पहिल्या टप्प्यात मयत खातेदारांच्या वारसांच्या नोंदी घ्यायच्या होत्या. दुसऱ्यात सातबाऱ्यावरचे कालबाह्य शेरे कमी करायचे होते: तगाईचे (सरकारी कर्जाचे), बंडिंगचे (बांधबंदिस्तीचे) बोजे, एकुमॅ (एकत्र कुटुंब मॅनेजर), अपाक (अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, पालनकर्ता). मी तलाठी. माझा सजा, म्हणजे माझ्याकडचा भाग, सांगोला शहराला लागून आहे. यादी काढताना एका खात्यावर मी थांबले. खातेदाराच्या नावापुढे 'अज्ञान पालनकर्ता आई', आणि पुढे आईचं नाव. आधारवरचं जन्मसाल 1939. 86 वर्षांचा माणूस सरकारदरबारी अजून सज्ञान झाला नव्हता.

असं होतं. बाप वारला आणि मूल अठराच्या आत असलं, तर वारस नोंदीत पालनकर्त्याचं नाव लागतं. पुढे वयाचा पुरावा देऊन ते कमी करून घ्यायचं. तो अर्ज राहून जातो, आणि नवा सातबारा लिहिताना जुन्यावरून शेरा तसाच उतरतो. हस्तलिखित सातबारा संगणकावर आला, तेव्हा हा शेराही आला.

मी कोरा अर्ज घेऊन त्यांच्या वस्तीवर गेले. चहूबाजूंनी प्लॉटिंग झालंय, दगड रोवलेत. मधोमध यांचं 9 एकर 14 गुंठे रान. आबा ओट्यावर बसून पणतवाला खेळवत होते.

"आबा, एक सही पाहिजे. तुमच्या नावापुढचं अज्ञान काढायचंय."

"काढा की. तेवढं आईचं नाव ऱ्हाऊ द्या."

मी समजावलं, की अज्ञान गेलं की पालनकर्ताही जातो, दोन्ही एकच शेरा आहे. आबांनी पणतवाला सुनेकडे दिलं, आत जाऊन पत्र्याची ट्रंक ओढत आणली. थोरला मुलगा उचलायला धावला तर त्याला हातानंच थांबवलं.

ट्रंकेत सगळी कागदं होती. मी रोज कागद बघते, पण प्रत्येक बोज्यामागचं कारण सांगणारा खातेदार मला तोवर भेटला नव्हता. इतर हक्कातल्या एकेका नोंदीवर मी बोट ठेवत गेले. तगाई? "इहिरीची. बहात्तरच्या दुष्काळात खणली. दिवसा रोजगार हमीवर खडी फोडायची, सुकडी पोरांना आणायची, अन रातच्याला आमी दोघं इहिरीत." बंडिंग? "ताली घातल्या सरकारनं. त्या नसत्या तर माती नदीला गेली असती." सोसायटीचा पहिला बोजा? "धाकल्या बहिनीचं लगीन." दुसरा? "खिलारी बैल. पयला पाय मोडून गेला." आतून आजींनी दुरुस्ती केली, "पाय न्हवं, बुळकांडीनं गेला." आबा म्हणाले, "व्हय, बुळकांडीनं."

पीकपाहणीत बाराच्या नमुन्यावर वर्षानुवर्षं मालदांडी ज्वारी, मटकी, तूर. 1990 नंतर डाळिंब आलं. रोजगार हमीतून फळबागेला अनुदान मिळू लागलं, त्या लाटेत सांगोला तालुका डाळिंबाचा झाला. त्यातून थोरल्याचं घर उभं राहिलं, दोन्ही मुली शिकल्या. पुढे तेल्या रोगानं बाग गेली. तेही सातबाऱ्यावर दिसतं: डाळिंब, डाळिंब, मग एकदम पुन्हा ज्वारी.

सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या पिशवीत, कूळ कायद्याचा 32 म चा, म्हणजे कुळानं जमीन विकत घेतल्याचा, दाखला होता.

"वडील वारले तवा मी धा वर्साचा," आबा म्हणाले. "चौथीतनं शाळा सुटली. रान आमचं नव्हतं, आमी कूळ. मालकाचा मानूस यायचा कागद घेऊन. राजीखुशीनं कूळपन सोडतो, आसं लिवल्यालं. शेजारच्या चार घरांनी अंगठा दिला. आमच्या आईनं दिला न्हाय. म्हनायची, पोरगं ल्हान हाय, त्येला इचारल्याबिगर मी कसा देऊ? मला काय इचारनार, मी धा वर्साचा! पन त्येवढ्यावर तिनं आठ वर्सं काडली."

आठ वर्षं म्हणजे 1957. त्या वर्षी 1 एप्रिलला कृषक दिन आला. त्या दिवशी ताब्यात असलेली जमीन कायद्यानं कुळानं विकत घेतली असं मानलं गेलं, पुढे किंमत ठरून हप्ते पडले. ज्यांनी आधी राजीनामे लिहून दिले होते त्यांच्यातले कितीतरी जण हाताने कसत असलेल्या रानाला मुकले. नोकरीच्या परीक्षेसाठी हे कलम मी पाठ केलं होतं. ते कुणाच्या अंगठ्यावर अडलं होतं, हे ओट्यावर कळलं.

"तिचा फोटू न्हाय," आबा म्हणाले. "रेशनकार्ड व्हायच्या आदी गेली. तिचं नाव ह्या एका कागदावर हाय. आता ह्या पणतवाच्या दाखल्यावर त्याच्या आईचं नाव सरकारच लावतंय म्हनत्यात. मग माझ्या आईचं का खोडताय?"

1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या नावाला आईचं नाव जोडायचा निर्णय मला माहीत होता. 1939 चा त्यात बसत नव्हता. उत्तर माझ्याकडे नव्हतं. शेरा ठेवता येत नव्हता, आणि उद्या मुलांना-मुलींना वारस नोंद करताना तोच आडवा आला असता. हेही मी सांगितलं. आबा बराच वेळ ट्रंकेच्या कडीशी खेळत राहिले.

मग मी त्यांना फेरफार, म्हणजे सातबाऱ्यातल्या बदलाची नोंद, कसा लिहितात ते सांगितलं. शेरा कमी करायचा तर कोणता शेरा, कुणाचं नाव, कशामुळे लागलं होतं, हे नोंदीत लिहावंच लागतं. सातबाऱ्यावरून नाव जाईल, फेरफारात राहील, आणि फेरफार कायम जतन होतो. कुणीही, कधीही नक्कल मागू शकतो.

"तिनं रान राखलं, हे लिवता येतं का त्यात?"

"ते नाही येत, आबा. 'अज्ञानाचे पालनकर्ता म्हणून' एवढं येतं."

"त्येच की," आबा म्हणाले.

मी तिथेच वहीत मसुदा केला आणि मोठ्यानं वाचला. आबांनी वही मागून घेतली, चष्मा लावला आणि आईच्या नावाच्या एकेका अक्षरावर बोट फिरवलं.

"ताई, दुसरं अक्षर दीर्घ हाय. तेवढं नीट करा. मग सही करतो."

मी दुरुस्त केलं आणि वही पुन्हा त्यांच्या हातात दिली.