लिंकन सोडून स्टीव्हन्स का?

वकिलीच्या विद्यार्थ्यांसमोर बोलायला गेलो की एक प्रश्न ठरलेला असतो. "सर, आवडता वकील-नेता म्हणून सगळे लिंकनचं नाव घेतात. तुम्ही हा थॅडियस स्टीव्हन्स कुठून काढलात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गुलामगिरीविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये भांडलेला स्टीव्हन्स मोठा आहेच, पण माझा जीव जडलाय तो त्याआधीच्या, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या विधानसभेतल्या स्टीव्हन्सवर. जन्म 1792 चा, व्हरमाँटमधला. एक पाऊल जन्मापासून वाकडं, बाप घर सोडून गेलेला. आईने खस्ता खाऊन शिकवलं. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला वकिली थाटली आणि 1833 मध्ये आमदार झाला.

1834 मध्ये राज्याने मोफत शाळांचा कायदा केला. शाळांसाठी कर भरावा लागणार म्हटल्यावर लोक खवळले आणि वर्षभरातच कायदा रद्द करायची तयारी झाली. पुन्हा जुनीच रीत येणार होती: आपण गरीब आहोत असं बापाने जाहीर करायचं, मग त्याच्या पोराला फुकट शिकवणार. 11 एप्रिल 1835 ला स्टीव्हन्स बोलायला उभा राहिला. म्हणाला, या विधेयकाला 'गरिबांना डाग देण्याचा कायदा' असंच नाव द्या, म्हणजे ते श्रीमंतांपासून वेगळे ओळखू येतील! आणि 'माझी पोरं शाळेत नाहीत, मग मी कर का भरू?' याला त्याचं उत्तर अस्सल वकिली होतं. कोर्टाची पायरी कधी न चढणारा माणूसही कोर्टासाठी कर भरतो, तुरुंगासाठी भरतो; मग कुणी गुन्हेगारच होऊ नये म्हणून भरताना कुरकुर कसली? त्याच्या स्वतःच्या मतदारांनाही हा कर नको होता, तरी तो बोलला. कायदा टिकला. आमदारांची भाषणं मी पुष्कळ वाचली आहेत. मतदाराला न गोंजारता केलेली अशी फार थोडी.

तो धुतल्या तांदळासारखा होता असं मात्र समजू नका. 1821 मध्ये चॅरिटी बटलर नावाच्या स्त्रीने स्वातंत्र्यासाठी दावा लावला, तेव्हा स्टीव्हन्स मालकाच्या बाजूने उभा होता. बाहेरून आणून सलग सहा महिने पेनसिल्व्हेनियात ठेवलेला गुलाम मुक्त होई. हिचे सहा महिने सलग नव्हते, हा त्याचा मुद्दा. तो जिंकला. अशिलाचं काम केलं, एवढं म्हणून मला ते झटकता येत नाही. पुढे 1838 मध्ये राज्याच्या नव्या घटनेत मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांपुरता ठेवला गेला, तेव्हा त्याने तिच्यावर सही करायला नकार दिला.

त्याच वर्षी डिसेंबरात राज्याच्या राजधानीत, हॅरिसबर्गला, वादग्रस्त निवडणुकीवरून दोन पक्षांच्या दोन वेगळ्या विधानसभा भरल्या. या घोळात स्टीव्हन्सच्या पक्षाचेही हात बरबटलेले होते. राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे वरिष्ठ सभागृहाच्या, दालनात जमाव घुसला आणि हा वाकड्या पायाचा वकील खिडकीतून उडी मारून निसटला. विरोधकांनी पुढे त्याची जागा रिकामी ठरवली. पोटनिवडणूक झाली, आणि लोकांनी पुन्हा त्यालाच निवडून दिलं.